डाव्या बाजूचं पाणी

माझं माहेर लातूरचं. वडिलांची गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, आडत होती, करडई, जवस, भुईमूग असा गळिताचा माल. लग्न होऊन मी नांदेडला आले ती पोलीस ॲक्शनच्या बऱ्याच आधी. निजामाचं राज्य होतं आणि तिकडं दूर कुठं तरी मोठी लढाई चालू होती. आम्हाला ती रॉकेल मिळेना आणि औषधं मिळेनात एवढ्यापुरती ठाऊक. हे मुन्सफीच्या कोर्टात कारकून होते. तेव्हा अहलकार म्हणत. दिवसभर उर्दूत लिहायचे आणि घरी आले की मराठीत कमी बोलायचे. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. घरात सासूबाई, हे, मी आणि आमची मुलगी. सासूबाईंना मी आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणायची.

आत्याबाई कडक होत्या असं सगळी गल्ली म्हणे. मला त्यांची भीती होती, पण त्या ओरडत कधी नसत. काम करणाऱ्याकडं नुसतं बघत उभ्या राहायच्या. तेवढ्यानं हातातली पळी सुटायची.

दुखणं लागलं तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. दिवाळी होऊन थंडी पडली होती. डाव्या बरगडीखाली चमक निघायला लागली. श्वास पुरा घेतला की आतून कुणी चिमटा काढावा तशी. खोकला आला की मी हातानं कूस दाबून धरायची. संध्याकाळी अंग कढत व्हायचं आणि सकाळी उतरायचं. गल्लीच्या तोंडाशी वैद्य राहत. त्यांनी काढा दिला आणि अळशीचं पोटीस शेकायला सांगितलं. काही दिवसांत चमक थांबली. घरात सगळ्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. आत्याबाईंनी वैद्यांकडं नारळ पाठवला.

पण चमक गेली आणि दम आला. नदीकडून पाण्याची घागर आणताना पूर्वी मी एका दमात चढून यायची. आता चढावर मधेच टेकायला लागले. जोडीच्या बायका पुढं निघून जायच्या. मी घागर कठड्यावर ठेवून पदर सारखा केल्यासारखं करायची. भाकरी थापताना बोलायचं झालं तर थापणं थांबवावं लागे. कुणाला सांगितलं नाही. काय सांगायचं? दुखत तर काहीच नव्हतं.

आत्याबाईंच्या ध्यानात आलं ते वेगळंच. दुपारी आम्ही माजघरात लवंडायचो. मुलगी माझ्या उजव्या हाताला निजायची, कारण डावीकडं भिंत होती. एका दुपारी ती उठून माझा पदर ओढत रडत होती आणि मी भिंतीकडं तोंड करून तशीच पडून होते.

"लेकराकडं पाठ करून का निजतीस गं?" आत्याबाईंनी विचारलं. "चार-पाच रोज बघून राहिले. काय रुसलीस का काय?"

"रुसले नाही, आत्याबाई," मी म्हटलं. "त्या अंगावर वळलं की श्वास मिळत नाही."

"आणि या अंगावर?"

"या अंगावर मिळतो."

त्या उठून जवळ आल्या. "वळ बरं," म्हणाल्या. मी उजव्या कुशीवर वळले. थोडा वेळ धरून ठेवलं, मग जीव घाबरा झाला आणि उठून बसले. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मुलीला उचललं, पायात वहाणा घातल्या आणि तशा उन्हात वैद्यांना घेऊन आल्या.

वैद्य म्हातारे होते. त्यांनी नाडी धरली, पण त्यांचं लक्ष माझ्या श्वासाकडं होतं. हात सोडून म्हणाले, "ही गोष्ट माझ्या हातातली दिसत नाही. सरकारी दवाखान्यात न्या. उद्यावर टाकू नका." मला त्यांचं आजही कौतुक वाटतं. तो नारळ घरात असताना असं म्हणायला मन मोठं लागतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी कोर्टातून रुखसत, म्हणजे रजा, घेतली आणि आम्ही टांग्यानं दवाखान्यात गेलो. डॉक्टर हैदराबादकडचे होते, वयानं मोठे, पांढरी दाढी, बोलणं अर्धं दखनी आणि अर्धं मराठी. बायकांना तपासायला एका कोपऱ्यात पडदा लावला होता. आत मी, आत्याबाई आणि एक नर्सबाई. हे पडद्याबाहेर. डॉक्टरांनी आल्याआल्या नळी कानाला लावली नाही. स्टुलावर बसले आणि नुसते माझ्याकडं बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी काय बघितलं ते नंतर सांगितलं: मी श्वास घेताना उजवी बाजू वर येत होती, डावी जागची हलत नव्हती.

मग ते आत्याबाईंकडं वळून म्हणाले, "अम्मा, कपड्यावरून आवाज नीट समजत नाही. पाठ उघडी करावी लागेल. तुम्ही इथंच उभ्या राहा."

पडद्याबाहेर ह्यांच्या बुटांची चाळवाचाळव ऐकू आली. ह्यांनी खाकरल्यासारखं केलं. मला वाटलं, झालं, आता आपण परत घरी. परक्या पुरुषासमोर पाठ उघडी करणं आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण आत्याबाईंनीच माझा पदर बाजूला केला. "पाठ तर हाय ती," म्हणाल्या. "नदीवर धुणं धुताना सारा गाव बघतो."

डॉक्टरांनी डाव्या हाताचं बोट माझ्या पाठीवर आडवं ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर ठोकलं. उजव्या बाजूला वरून खालपर्यंत ठोकत गेले, तो आवाज पोकळ आणि घुमणारा होता. डावीकडं वर थोडा घुमला. बोटं खाली सरकली तसा तो बसत गेला आणि मग भिंतीवर ठोकल्यासारखा मुका झाला. मलासुद्धा तो फरक अंगात कळला.

"ऐकलं, अम्मा?" डॉक्टरांनी विचारलं.

"इकडं भरलंय," आत्याबाई म्हणाल्या.

"हौ. भरलंय. पण कशानं ते बघू." त्यांनी नर्सबाईकडून पेन्सिल घेतली आणि जिथं आवाज बदलला तिथं माझ्या पाठीवर रेघ ओढली. मग पाठीवर तळहात ठेवून म्हणाले, "बेटी, एक दो तीन बोलो."

मी लाजून मराठीत म्हटलं, "एक, दोन, तीन."

"ज़रा ज़ोर से."

पुन्हा म्हटलं. माझाच आवाज उजव्या बाजूला पाठीतून त्यांच्या हाताखाली थरथरत गेला. डावीकडं त्यांनी हात ठेवला आणि मी तेवढ्याच जोरानं बोलले, पण तिथं काही थरथरलं नाही. शेवटी त्यांनी गळ्याच्या खळीत बोट ठेवून श्वासनळी चाचपली. ती उजवीकडं ढकलली गेली होती. काळजाचे ठोकेही त्यांना नेहमीच्या जागी सापडले नाहीत, उजवीकडं सरकलेले सापडले.

त्यांनी पडदा सारून ह्यांना आत घेतलं आणि तिघांना एकदमच सांगितलं. फुप्फुसाच्या बाहेर, फुप्फुस आणि बरगड्या यांच्या मधे पाणी साचलंय. पाणी वाढलं तसं फुप्फुस दबत गेलं. सुरुवातीला दोन सुजलेले पडदे एकमेकांवर घासत होते म्हणून चमक निघायची. पाणी मधे आलं, घासणं थांबलं आणि चमकही थांबली.

"पण पाणी आलं कुठून?" आत्याबाईंनी विचारलं. "ही तर पाणीबी कमीच पिते."

"ते पिण्याचं पाणी नाही, अम्मा. भाजल्यावर फोडात पाणी धरतं की नाही, तसं हे. आत सूज आहे, म्हणून धरलंय."

ह्यांनी हैदराबादला नेऊन छातीचा एक्स-रे फोटो काढावा का विचारलं. डॉक्टर म्हणाले, इतक्या दूरचा प्रवास हिला झेपणार नाही, आणि सुई टाकली की पाणी की पू ते आत्ताच कळेल.

मला एका खुर्चीवर उलटं बसवलं, खुर्चीच्या पाठीवर उशी ठेवून तिच्यावर दोन्ही हात टाकायला लावले. आत्याबाई समोर उभ्या राहून माझी मनगटं धरून होत्या. आधी बधिर करायची बारीक सुई टोचली, ती मात्र झोंबली. मोठी सुई दुखली नाही. बरगड्यांच्या मधून कुणी अंगठ्यानं दाबतंय एवढंच जाणवलं. मग नर्सबाईंच्या हातातल्या बाटलीत पाणी पडायचा आवाज आला. मान वळवायची नाही असं बजावलं होतं तरी मी तिरक्या नजरेनं पाहिलं. घाण काही तरी असेल असं वाटलं होतं. ते पिवळं आणि स्वच्छ होतं, आमच्या गंजात डब्यात धरतात त्या ताज्या करडईच्या तेलासारखं. बाटली भरत आली आणि मला खोकल्याची उबळ आली. डॉक्टरांनी लगेच हात थांबवला.

"अजून हाय ना आत?" आत्याबाई म्हणाल्या.

"आहे. पण आज इतकंच. दबलेलं फुप्फुस उघडायला लागलंय, म्हणून खोकला आला. एकदम सगळं काढलं तर तिला त्रास होईल."

मी खाटेवर पडले आणि बऱ्याच दिवसांनी उताणी पडून श्वास घेतला. तो पोटापर्यंत गेला. मला रडू आलं. ह्यांना वाटलं दुखतंय.

दवाखान्यात आम्हाला ठेवून घेतलं. काढलेल्या पाण्यानं भरलेली एक काचेची नळी डॉक्टरांनी खिडकीत उभी करून ठेवायला सांगितली होती. दुसऱ्या सकाळी त्यांनी ती उजेडासमोर धरली. पाण्यात कोळ्याच्या जाळ्यासारखं काही तरी पातळ धरलं होतं. ते बघून ते आत्याबाईंना व्हरांड्यात घेऊन गेले. हे कोर्टात गेले होते. दार उघडं होतं आणि मला सगळं ऐकू येत होतं.

"क्षय हाय का?" आत्याबाईंनी सरळच विचारलं.

"मूळ बहुतेक तेच आहे," डॉक्टर म्हणाले. "खोटं नाही सांगणार. पण फुप्फुस अजून खराब झालेलं दिसत नाही. थुंकीत रक्त नाही. अशी माणसं पुष्कळदा बरी होतात. मात्र औषध म्हणावं असं माझ्यापाशी काही नाही. पाणी भरलं तर पुन्हा काढीन. बाकी आराम, दूध, ऊन, माशाचं तेल. अंडं चालत असेल तर अंडं."

"अंडं न्हाई चालायचं."

"मग दूध दुप्पट. आणि आराम म्हणजे कसा? खाटेवरून उतरायचं नाही. कमीत कमी सहा महिने. साल लागलं तर साल. आणि लहान बच्चीला तिच्यापाशी निजवायचं नाही."

क्षय हा शब्द ऐकून मी छताकडं बघत पडले. मरणाचं फार वाटलं नाही. मला पुढचं दिसत होतं. आमच्याकडं सुनेला छातीचं दुखणं लागलं की तिला माहेरी पाठवत. हवापालट म्हणायचे. तिची ट्रंक बरोबर जायची. ती बरी झाली तरी परत न्यायला कुणी येत नसे, आणि एखाद्या वर्षानं तिकडून नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बातमी यायची. यात कुणी वाईट माणसं असत असंही नव्हतं. तशी रीतच होती.

ह्यांनी लातूरला तार केली. वडील सर्व्हिस मोटारीनं आले, धुळीनं पांढरे झालेले. दवाखान्यातून आम्ही घरी आलो होतो. ते ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि खाली बघत म्हणाले, "विहीणबाई, मी मोटारवाल्याशी बोलून ठेवलंय. पुढची जागा देतो म्हणाला. बाईला सावकाश नेऊ."

आत्याबाई दाराच्या आडून बोलल्या. "न्यायला या म्हणून कुणी लिहिलं होतं?"

वडील गोंधळले. ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "ही आजारी आहे एवढंच मी कळवलं होतं."

"नेणारच असाल तर पोरीला न्या," आत्याबाई म्हणाल्या. "लेकरू आजीपाशी राहील. सून इथंच राहील."

"तुमच्यावर भार पडेल. घरात दुसरं बाईमाणूस नाही."

"माझी थोरली बहीण अशीच माहेरी आली होती. आम्ही लई केलं तिचं. बरी झाली, चांगली कामं करायला लागली. दारात टांगा थांबला की बाहेर येऊन बघायची." मग म्हणाल्या, "इथनं गेली तर लोक तिला परत येऊ देणार न्हाईत. आणि उद्या माझंच मन बदललं तर? त्यापेक्षा ती डोळ्यासमोर राहू द्या."

हे सगळं मी आतून ऐकत होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त एवढंच कळलं की माझी मुलगी जाणार. मी पहिल्यांदाच आत्याबाईंना उलट बोलले. म्हटलं, "माझं लेकरू मला विचारल्याशिवाय कसं देता?"

त्या माझ्या खाटेशी येऊन उभ्या राहिल्या. "राग कर," म्हणाल्या. "पण निजून कर."

मुलगी वडिलांच्या कडेवर बसून गेली. टांग्याच्या घोड्याकडं बोट दाखवून हसत होती. मी खिडकीतून बघितलं. तिला जवळ घेऊ दिलं नव्हतं.

मग जे दिवस आले ते सांगण्यासारखे नाहीत, कारण त्यात काही घडलं नाही. सकाळी ऊन कोवळं असताना दोघं मला धरून वर, घराच्या माळवदावर नेत. तिथं बाज टाकलेली असे. आत्याबाईंनी एक शेळी घेतली. तिचं दूध सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर बसून पाजत. माशाचं तेल नांदेडात मिळेना. वडील ते सोलापुराहून बार्शी लाइनच्या आगगाडीनं लातूरला मागवायचे आणि मोटारवाल्याच्या हाती पाठवायचे. त्या बाटलीला आत्याबाई हात लावत नसत. हे चमचा भरून द्यायचे आणि हात धुवायचे.

नदीचं पाणी कोण आणणार हा प्रश्न होता. आत्याबाईंचे गुडघे धरलेले. सुरुवातीला हे फटफटायच्या आत जाऊन घागर आणत, कुणी बघू नये म्हणून. पुढं उजाडल्यावर जायला लागले. कोर्टातला अहलकार घागर घेऊन येतो म्हणून गल्लीत हसत. एका शेजारणीनं आत्याबाईंना विचारलंच, "सुनेला काय झालंय म्हणायचं?"

"छातीत पाणी झालंय," आत्याबाई म्हणाल्या. "डॉक्टर काढून राहिलेत."

यात खोटं काही नव्हतं.

पाणी पुन्हा भरलं. होळीच्या सुमाराला दम परत आला आणि डॉक्टरांनी पुन्हा सुई टाकली. या वेळी कमी निघालं. त्यानंतर ते अधूनमधून कोर्टाकडून जाताना आमच्याकडं यायचे आणि आधीच्या रेघेच्या जागी ठोकून बघायचे. आवाज घुमण्याची हद्द हळूहळू खाली सरकत होती. ताप सुटला. मग त्यांनी फुंकायला सांगितलं. फुप्फुस चिकटून बसू नये म्हणून रोज जोर लावून फुंकायचं. दवाखान्यात त्यासाठी पाण्याच्या दोन बाटल्या आणि रबरी नळी असे, इथं कुठली? आत्याबाईंनी चुलीची फुंकणी आणून दिली आणि पाण्याच्या तपेलीत बुडबुडे काढायला लावले. आधी चार बुडबुडे निघायचे आणि मी दमायची. आत्याबाई समोर ज्वारी निवडत बसायच्या आणि मान वर न करता म्हणायच्या, "आणखी."

मुलीची आठवण सगळ्यात जास्त दुपारी यायची. शेजारचं एखादं मूल रडलं की मी उठून बसायची आणि आत्याबाई हातानं खुणावून निजवायच्या. आमच्यात बोलणं फार होत नसे. एका दुपारी मात्र त्या आपणहून म्हणाल्या, "मलाबी करमत न्हाई गं तिच्याबिगर." आणि निवडण्याचं सूप घेऊन आत गेल्या. तोवर मला वाटलं होतं, आठवण माझ्या एकटीचीच आहे.

पुढच्या थंडीत डॉक्टरांनी पाठ तपासली. वरून खाली ठोकत आले. अगदी खाली थोडा आवाज दबका राहिला होता. तो तसाच राहील म्हणाले, जखमेचा वण राहतो तसा. त्यानं काही बिघडत नाही. थोडंथोडं काम करू द्या आणि लेकराला आणा.

वडील मुलीला घेऊन आले तेव्हा ती चांगली बोलायला लागली होती. माझ्याकडं बघून ती वडिलांच्या धोतरामागं लपली. आत्याबाईंकडंही जाईना. तिला शेळी मात्र आवडली. दोन दिवस ती शेळीपाशीच होती. तिसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर भाकरीचा तुकडा धरला. तिनं तो घेतला आणि अर्धा शेळीला दिला. मी तिथंच बसून राहिले. हळूहळू ती माझ्याशी बोलायला लागली, आधी शेळीबद्दल आणि मग इतर गोष्टींबद्दल. आई म्हणायला तिला संक्रांत उजाडली.

माझी नणंद किनवटला दिलेली होती. तिचं बाळंतपण आलं होतं. आत्याबाईंनी आदल्या दिवशी बोचकं बांधलं आणि सकाळच्या गाडीनं निघाल्या. आम्ही स्टेशनवर गेलो. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढून माझ्या हातात दिला.

"महिना-दीड महिना लागंल मला," म्हणाल्या. "दुपारी निजत जा. घागर अर्धीच आण. ह्याला आणायला लाव, लाजू नको."

"बरं," मी म्हटलं.

गाडी हलली. हे कोर्टात गेले. मी मुलीला घेऊन घरी आले, कुलूप काढलं, चूल पेटवली आणि पहिल्यांदाच त्या घरात एकटीनं स्वयंपाक केला. डाळ जरा खारट झाली होती. संध्याकाळी ह्यांनी ती भाकरी कुस्करून सगळी खाल्ली.